पाय धुऊन घेताना

मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला हरेगावला चालत जायचं म्हणजे तयारी आठ दिवस आधी सुरू होते. पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नाही, कारण ताज्या नखाची कड शेजारच्या बोटात घुसते. चप्पल जुनीच हवी. मोजे दोन जोड, एक पायात आणि एक पिशवीला वाळत टाकलेला. पहाटे निघण्याआधी टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. साठ माणसांच्या खिचडीला सहा किलो तांदूळ आणि दोन किलो मुगाची डाळ पुरते. भाकरी मात्र वाटेवरच्या वस्त्यांवरूनच येतात, आणि दर वर्षी उरतात. औषधाची पेटी माझ्याकडे असते. तीत बीटाडीन, गॉझ, कागदी पट्टी, सुया, स्पिरिट आणि मीठ-साखरेच्या पुड्या. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याहून जास्त मीठ घालायचं नाही.

मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा. यात्रेचा शनिवार-रविवार त्याच्या आसपास येतो, म्हणून आम्ही गुरुवारी पहाटे चारला नगरहून निघतो. पुढे निळा-पांढरा झेंडा, मागे टेम्पोत मतमाउलीची मूर्ती, पाण्याचे जार आणि अंथरुणं. सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या माणसाला चमकणारं जाकीट आणि लाल बॅटरी. नगर-मनमाड रस्त्यावर अंधारात याशिवाय चालू नये. उसाचे ट्रॅक्टर सप्टेंबरात नसतात, पण कंटेनर रात्रभर असतात.

एक अख्खी जपमाळ, पाचही रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, चालता चालता म्हटली की पंचवीस मिनिटं लागतात. आमच्या चालीनं तेवढ्यात पावणेदोन किलोमीटर होतात. मी अंतर असंच मोजतो, विळद घाट उतरेपर्यंत इतक्या माळा, कृषी विद्यापीठाच्या कमानीपर्यंत तितक्या. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, शुक्रवारी दुःखाची, शनिवारी आनंदाची. साठ माणसांची रांग दीडशे मीटर लांब होते. पुढच्याचा आवाज मागे पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि मग मागचे उत्तर देत असताना पुढचे पुढच्या जपावर गेलेले असतात. त्यात टेम्पोवरचा कर्णा. गुरुवारी दुपारपर्यंत त्या कर्ण्याचा मला इतका राग आला होता की ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना मी दात आवळून म्हणत होतो. संध्याकाळी दोन टोळ्या केल्या, प्रत्येकीला सांगणारा वेगळा ठेवला आणि कर्णा बंद केला. हे पहिल्या दिवशी सकाळीच करायला हवं होतं.

राहुरीला मुक्काम. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई याच गावात राहिले होते.

राहुरीत रात्री पाय बघताना मला पहिल्यांदा कळलं की आमच्यातले एक काका नगरपासून अनवाणी चालताहेत. वय साठीच्या पुढे. नवसाचे अनवाणी दर वर्षी दोन-चार असतात. त्यांना मी निघण्याआधीच विचारतो, साखर आहे का, पायाला मुंग्या येतात का. मधुमेह्याला पायात काच घुसलेली कळत नाही, आणि ती जखम नंतर बोट घेऊन जाते. काकांना साखर नव्हती. पण डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड होता आणि चवड्याखाली दुसरा येऊ घातला होता. डाव्याच पायाला, कारण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेनं चालतो. पावलं दिवसभर तिरपी पडतात, भार टाचेच्या एकाच बाजूला येतो आणि कातडं आतल्या मांसावरून सरकतं. वर पाऊस होऊन गेलेला. ओलं कातडं मऊ पडतं आणि मऊ कातडं लवकर सुटतं.

फोडाची टोपी कापायची नाही. सुई स्पिरिटमध्ये बुडवून फोडाच्या बुडाशी, अगदी कडेला, दोन बाजूंनी टोचायची, पाणी गॉझनं दाबून काढायचं, कातडं जागेवर बसवायचं, बीटाडीन लावायचं, कोरडं झाल्यावर गॉझ आणि पट्टी. आमच्याकडे जुनी माणसं सुईत दोरा ओवून फोडातून पार करतात आणि दोरा आत ठेवतात. पाणी झिरपत राहतं खरं, पण धूळही त्याच वाटेनं आत जाते. मी दोरा ठेवू देत नाही.

काकांनी पाय मागे घेतला. म्हणाले, “राहू द्या. दुखलं पाहिजे. तेच तर न्यायचंय तिच्याकडं.”

मी पेटी बंद केली. त्या क्षणी त्यांची कीव नाही आली, चीड आली.

शुक्रवारी राहुरी फॅक्टरीला महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच कापूस, मधेच सोयाबीन. सकाळी प्रार्थनेत इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला होता, येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं, तर आपणही बाहेर त्याच्याकडे जाऊ या. मराठी बायबलात तो शब्द वेशीबाहेर असाच आहे. आमच्यातल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्यांची घरं गावाच्या वेशीबाहेरच होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या यहुदी माणसाला लिहिलेलं पत्र नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

काका माझ्याबरोबर शेवटच्या टोळीत होते. चालता चालता त्यांनी थोडं सांगितलं. तरुणपणी नोकरीसाठी कागदावर हिंदू लिहिलं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना दिली, १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. बाप्तिस्मा घेतल्यावर गाव आपल्याला पूर्वीच्याच नावानं हाक मारतं, सरकार मात्र म्हणतं की आता तुमची जात गेली. काकांनी नोकरी धरली आणि ती टिकावी म्हणून आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येणं सोडलं. तीस वर्षं. मुलांचे बाप्तिस्मे झाले नाहीत. निवृत्त झाल्यावर परत आले, तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्याचीच त्यांना धास्ती बसली होती.

“घेईल का तो मला आता?” त्यांनी मला विचारलं नव्हतं, रस्त्याला विचारलं होतं.

मला वाटतं तो कागद त्यांच्याकडून अन्यायानं लिहून घेतला गेला. पोटासाठी माणसाला देव लपवावा लागतो, ही लाज त्याची नाही. पण हे मी चालताना म्हणालो नाही, कारण समोरच्या पावलाखाली रक्ताचा ठसा उमटत होता आणि मला तो आधी थांबवायचा होता.

दुपारी अडीचच्या सुमाराला काका रस्त्याच्या कडेला बसले. फोड फुटला होता, टोपी निघून गेली होती आणि खाली लाल मांसावर बारीक खडी चिकटली होती. अशा वेळी कोरड्या कापसानं पुसायचं नाही, तंतू जखमेत राहतात. पाणी हवं, भरपूर, उकळून कोमट केलेलं. टेम्पो दोन किलोमीटर पुढे गेलेला.

उसाच्या फडामागे एक वस्ती होती. दोन खोल्या, पत्र्याचा पडवीवजा मांडव, त्याखाली बाज, दारात तुळस. आजी शेळीला पाला टाकत होत्या. गळ्यात तुळशीची माळ. आमच्या खांद्यावरचे निळे पट्टे बघून त्यांनीच हाक मारली, “माउलीला चालले ना तुम्ही? मंग इकडं सावलीला या.”

मी म्हणालो, “आजी, आम्ही ख्रिस्ती. हरेगावला चाललोय. थोडं गरम पाणी मिळेल?”

“ते मला दिसतंय की,” त्या म्हणाल्या. “पाय किती बिघडलाय बघा त्यांचा. बसवा त्यांना बाजंवर.”

काका बाजेवर बसेनात, जमिनीवरच बसायला निघाले. वयाच्या माणसाच्या अंगात काय मुरलेलं असतं ते अशा वेळी दिसतं. त्यांच्या लहानपणी वस्तीवर पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतलं जायचं, तांब्या हातात येत नसे. आजींनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजेवर बसवलं आणि पितळी तांब्या हातात दिला. काकांनी तो ओठांपासून चार बोटं वर धरून पाणी घशात सोडलं. आजी म्हणाल्या, “लावून प्या, सांडतंय सगळं.”

चुलीवर पाणी उकळायला पंधरा मिनिटं लागली. निवायला तेवढीच. कोपर बुडवून बघायचं, कोपराला कोमट लागलं की जखमेला चालतं. पितळी परात खाली ठेवून मी पेटी उघडली तेवढ्यात आजी खाली बसल्या आणि काकांचा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

काकांनी पाय ओढून घेतला. “नको आजी. पाय नको.”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र हेच म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस. मी आजवर ते पेत्राची नम्रता म्हणून वाचत आलो होतो. त्या पडवीत पहिल्यांदा दिसलं की ती नम्रता नव्हे, ते दार आतून लावून घेणं आहे. उपास धरणं, अनवाणी चालणं, माळेवर माळ म्हणणं आपल्या हातातलं असतं, त्याचा हिशेब आपल्याला ठेवता येतो. कुणी पाय हातात घेतला की हिशेब संपतो. येशू पेत्राला म्हणाला, तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. पेत्रानं आणलं काय, सोडलं काय, याबद्दल तिथं एक शब्दही नाही.

आजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पाय पुन्हा मांडीवर घेतला, घोट्याला एक हात लावून धरून ठेवला, दुसऱ्या हातानं तांब्यातून बारीक धार सोडली. खडी धारेनंच निघाली. दोन खडे आत रुतले होते, ते मी चिमट्यानं काढले. काकांनी डोळ्यांवर उपरणं घेतलं होतं. आजींना हळद भरायची होती, मी नको म्हटलं, कारण हळदीची पूड उघड्या मांसावर गोळा होऊन बसते आणि पट्टी बदलताना खपली घेऊन निघते. त्यांनी ऐकलं. बीटाडीन, गॉझ. कागदी पट्टी ओल्या पायाला धरेना, तेव्हा त्यांनी आतून जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं आणून लांब पट्टी फाडली. घोट्याला दोन वेढे, टाचेवरून आठाच्या आकड्यासारखे तीन, गाठ वरच्या बाजूला. तळव्याखाली गाठ आली तर तिचाच फोड होतो.

आजी दोनदा पंढरीला चालत गेल्या होत्या. एवढंच त्या स्वतःबद्दल म्हणाल्या. पैसे विचारायचा धीर मला झाला नाही. काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी तो अर्ध्यातच धरला.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली. लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि मधे आडवं आलं ते सोवळं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं हा प्रश्न. पुढच्या तीन किलोमीटरमध्ये माझ्या डोक्यात हेच चालू होतं. तीन वाजून गेले होते, शुक्रवार होता, दुःखाची रहस्यं चालली होती. काका मुलाच्या जुन्या रबरी चपला घालून चालत होते, टेम्पोतून आणवलेल्या. त्यांनी मागितल्या नव्हत्या, पण मी पुढे ठेवल्यावर पाय आत घातला.

श्रीरामपूर. मग हरेगाव. गर्दी, मेणाचा वास, दुकानं, रांग, चिखल. पापनिवेदनाच्या रांगेत काका दीड तास उभे होते, मी त्यांना पाय उचलून ठेवायला खोकं शोधून दिलं. त्यांनी तीस वर्षांचं सगळं लिहून आणलं होतं, वहीची दोन पानं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पोरानं बापाकडे परत निघण्याआधी तीन वाक्यं पाठ केलेली असतात: मी पाप केलं, मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो दोनच म्हणतो. तिसरं बोलायच्या आतच बाप अंगरखा मागवतो. काका पडद्यामागून बाहेर आले तेव्हा दुसरं पान घडी घातलेलंच होतं.

रविवारची मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, उघड्यावर झाली. गुडघे टेकायला जागा नव्हती, काका मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, पाय पुढे. अर्पणविधीत फादर द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब टाकतात. मांडवात इतक्या दुरून तो दिसत नाही, पण चमचा कधी वाकतो ते मला ठाऊक आहे. थेंब एकदा पडला की तो पुन्हा वेगळा काढता येत नाही. मग ती प्रार्थना येते, माझं आणि तुमचं बलिदान देवानं स्वीकारावं. लोक उभे राहिले. काका उभे राहू शकले नाहीत, त्यांनी बसल्या जागी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि ख्रिस्तप्रसाद येईपर्यंत तसेच ठेवले.

परतताना आम्ही टेम्पोनं आलो. फडकं काकांनी हरेगावातच साबण लावून धुतलं होतं, डाग पूर्ण गेला नव्हता. वस्तीपाशी गाडी थांबवली. दाराला कडी, शेळी नव्हती, आजी रानात गेल्या असाव्यात. काकांनी फडकं पडवीतल्या तारेवर पसरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन टोकांना गाठ मारली, आणि आम्ही निघालो.