बाणभट्टाची कादंबरी, एकेक मथळा करत

१४ जून

शाप, पुनर्जन्म, गंधर्व आणि पहिल्या नजरेतलं प्रेम हे सगळं एकाच पुस्तकात हवं असणाऱ्यांसाठी ही नोंद. गेली तीन वर्षं मी अद्भुतरम्य प्रेमकथाच वाचतेय. या पावसाळ्यात ठरवलं, ज्या पुस्तकावरून मराठीत या वाङ्मयप्रकाराला नाव पडलं, तेच आता वाचायचं. हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. आपण आणि शेजारची कानडी मात्र कादंबरी म्हणतो. आणि ते नाव एका मुलीचं आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाची ही नायिका.

माझं संस्कृत शाळेपुरतं, म्हणून मराठी भाषांतर घेतलंय. प्रत मावशीची. ती आयुष्यभर संस्कृत शिकवत आली, आता सांगलीत गावभागात आमच्याकडेच असते. पुस्तकाच्या खालच्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हे पुस्तक कपाटाच्या दुसऱ्या फळीवर होतं. पहिल्या फळीवरचं काहीच उरलं नाही.

बाणानं प्रकरणं पाडलेली नाहीत. भाषांतरात समासात मथळे दिलेत, त्यांनाच मी प्रकरणं धरतेय. पुढे डोकवायचं नाही, आणि मावशीनं पुढचं काही सांगायचं नाही, असं तिला बजावून ठेवलंय.

सुरुवात विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात. एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते. फुटक्या टोकाची वेळूची काठी ती फरशीवर आपटते, आणि रानात ताडाचं फळ पडल्याच्या आवाजानं हत्तींचा कळप जसा एकदम मान वळवेल, तसे सगळे राजे तिच्याकडे वळतात. या एका उपमेवर मी पुस्तकाची झाले. पुढे मात्र थांबावं लागलं. बाण तिचं सौंदर्य पानभर वर्णन करतो आणि त्याच दमात ती स्पर्शाला वर्ज्य म्हणून हळहळतो. त्या काळाचं म्हणून हे सोडून देणं मला जमलं नाही. पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय.

पोपटाचं नाव वैशंपायन. तो उजवा पाय उचलून राजाची स्तुती करतो. नीट जेवलास का, असं राजा विचारतो, तर म्हणतो, जांभळाचा रस पोटभर प्यालो, डाळिंबाचे दाणे खाल्ले, आवळे खाल्ले. सध्या आमच्या ताटलीतही जांभळंच आहेत.

१७ जून

विंध्याटवी. पंपा सरोवराकाठचं सावरीचं प्रचंड झाड, त्याच्या ढोल्यांत हजारो पोपट. आपल्याला जन्म देतानाच आई गेली आणि म्हाताऱ्या बापानं वाढवलं, हे पोपट स्वतः सांगतोय. मग शिकारीला निघालेली शबरांची, म्हणजे रानात राहणाऱ्या शिकाऱ्यांची, टोळी येते. एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि फळं तोडावीत तशी पिल्लं काढून माना मुरगळतो. बाप पिल्लाला पंखाखाली झाकून घेतो आणि तसाच मरतो.

प्रेमकथा वाचायला बसले होते आणि पन्नासाव्या पानाच्या आत रडले.

२२ जून

हारीत नावाचा ऋषिकुमार पिल्लाला जाबाली ऋषींच्या आश्रमात नेतो. जाबाली त्याच्याकडे बघून म्हणतात, हा आपल्याच अविनयाचं फळ भोगतोय. म्हणजे हा पोपट आधी कोणीतरी होता! माझा अंदाज लिहून ठेवते: मागच्या जन्मी हा राजपुत्र असणार.

चंद्र उगवतो आणि जाबाली कथा सुरू करतात. कवी आपल्याला सांगतोय, पोपट राजाला सांगतोय, जाबाली पोपटाला सांगताहेत. हरिपूरला हळद साठवायची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे लगेच कळेल. वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली गेलं की पोट रुंद होत जातं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी कोण कोणाला सांगतंय याचं चित्र काढायला घेतलंय.

उज्जयिनीचं वर्णन लांबलचक आहे. राजा तारापीड, राणी विलासवती, मंत्री शुकनास. मूल नाही, मग स्वप्नं पडतात: राणीच्या मुखात चंद्र शिरताना राजाला दिसतो, आणि मंत्र्याच्या बायकोच्या, मनोरमेच्या, मांडीवर कोणीतरी पांढरं कमळ ठेवताना मंत्र्याला. राजपुत्र चंद्रापीड, मंत्रिपुत्र वैशंपायन. पोपटाचंच नाव! माझा अंदाज एका घराच्या अंतरानं चुकला.

२९ जून

दहा वर्षं गावाबाहेरच्या विद्यामंदिरात शिक्षण, मग इंद्रायुध नावाचा अद्भुत घोडा. राजपुत्राला घोड्याकडे बघून वाटतं, हा कोणी शापित महात्मा असावा, म्हणून तो मनात त्याची क्षमा मागून मग स्वार होतो. मला हा मुलगा आवडला.

पत्रलेखाही आवडली. कुलूताची ही राजकन्या युद्धात पकडून आणलेली, आणि आता चंद्रापीडाची विड्याचा डबा सांभाळणारी. ती कायम त्याच्या बाजूला असते आणि स्वतःविषयी शब्दही बोलत नाही. तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलंय.

युवराज होण्याआधी शुकनास चंद्रापीडाला उपदेश करतो. मावशीनं हा भाग वर्षानुवर्षं शिकवलेला, त्यामुळे तिनं पुस्तक न बघता अर्थ सांगितला. लक्ष्मी क्षीरसागरातून निघताना आपल्या सोबत्यांकडून एकेक गुण घेऊन आली: चंद्रकोरीकडून वाकडेपणा, उच्चैःश्रवा घोड्याकडून चंचलपणा, वारुणीकडून मद, कौस्तुभाकडून कठोरपणा. सत्ता माणसाचं काय करते यावर इतकं नेमकं मी फार थोडं वाचलंय.

दिग्विजय तीन वर्षांचा. मी तासाभरात उरकला.

५ जुलै

आज झोप येणार नाही.

चंद्रापीड किन्नरांच्या जोडीमागे घोडा घालतो, वाट चुकतो आणि अच्छोद सरोवराशी पोचतो. वीणा ऐकू येते. शिवाच्या देवळात एक तरुणी गातेय, अंगानं, वस्त्रानं, तेजानं इतकी पांढरी की बाण पानंच्या पानं पांढऱ्याला उपमा देत सुटतो. मला कंटाळा येऊ लागला, तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, डोळ्यांनी नको वाचूस, मोठ्यानं वाच." लाईट गेली होती. मेणबत्तीत मोठ्यानं वाचलं आणि ते एकदम उलगडलं. वाक्य संपतच नाही. विशेषणांमागून विशेषणं येतात आणि जिच्यासाठी आपण ताटकळलो ती अगदी शेवटी दिसते. मराठीतही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ही वाट बघायला लावण्याची रीत भाषांतरात बरीच टिकते. जिथे भाषांतरकारानं वाक्याचे तुकडे केलेत, तिथे मात्र ती सगळी ओढ जाते.

तिचं नाव महाश्वेता. ती स्वतःची गोष्ट सांगते. आईबरोबर सरोवरावर आलेली असताना तिला एक वास येतो, या जगातला नसलेला. त्या वासामागे ती जाते. कानात पारिजाताची मंजिरी घातलेला ऋषिकुमार पुंडरीक भेटतो. ती मंजिरी तो तिच्या कानात घालतो, आणि बोटं थरथरून त्याच्या हातातली जपमाळ निसटते. तो माळ परत मागतो, तर ही भान हरपून गळ्यातला हार काढून देते, आणि त्यालाही कळत नाही की आपण मोत्यांचा हार घेतलाय. मी अशा पहिल्या भेटी शेकड्यांनी वाचल्यात. एकीतही दोघांची गडबड इतकी खरी नव्हती.

पुंडरीकाचा मित्र कपिंजल त्याला चांगलाच झापतो. तरीही मित्र जगावा म्हणून शेवटी तोच लाज गिळून महाश्वेतेकडे जातो. रात्री ती निघते. वाटेत तिचा उजवा डोळा लवतो. (इथे मावशीनं आणि मी एकदमच एकमेकींकडे पाहिलं.) लांबून कपिंजलाचं रडणं ऐकू येतं. ती पोचते तेव्हा पुंडरीक गेलेला असतो.

चिता रचायला सांगते, तर चंद्रबिंबातून एक दिव्य पुरुष उतरतो, देह उचलतो, "प्राण सोडू नकोस, याची पुन्हा भेट होईल" असं सांगतो आणि वर जातो. कपिंजल चिडून त्याच्या मागे उडतो. उरते ती. तेव्हापासून ती वाट बघतेय.

हे ती एका अनोळखी मुलाला, संध्याकाळच्या उजेडात, सांगतेय. नायिका अजून पुस्तकात आलेलीच नाही. तिचं नावही इथवर ऐकलेलं नाही. आणि माझं मन इथेच राहिलंय.

६ जुलै, रविवार

हरिपूरला गेलो. संगमेश्वराचं दर्शन घेतलं, कृष्णा आणि वारणा दोन्ही गढूळ होऊन एकमेकींत मिसळत होत्या. गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. 'शारदा'मुळे सगळे त्यांना ओळखतात, पण त्याआधी १८९३ मध्ये त्यांनी बाणाच्या याच कथेवरून संगीत नाटक रचलं होतं, हे मावशीनं घाटावर बसून सांगितलं. नाव 'शापसंभ्रम'.

"म्हणजे पुढे शाप आहे?" मी विचारलं.

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तिनं कादंबरीचा विषय काढला नाही.

१२ जुलै

अखेर कादंबरी! महाश्वेता दुःखात असेपर्यंत लग्न करणार नाही, असं तिनं ठरवलंय. इतक्या जुन्या प्रेमकथेत नायिकेचा पहिला निश्चय मैत्रिणीसाठी आहे, हे मला फार मोठं वाटलं.

चंद्रापीडाला विडा देताना तिचा हात कापतो. त्याच वेळी एक मैना पोपटावर रुसून बसलेली, त्यांचं भांडण सगळे ऐकतात आणि ताण हलका होतो. हा प्रसंग दोनदा वाचला. तरी खरं सांगते, महाश्वेतेनंतर कादंबरी मला जरा फिकी वाटतेय. तिच्याभोवती इतक्या सख्या, इतकी रत्नं आहेत की ती स्वतः नीट दिसत नाही.

वडिलांचं पत्र येतं, चंद्रापीडाला निघावं लागतं. तो निरोप न घेता निघतो. मला राग आला.

१९ जुलै

पत्रलेखा उज्जयिनीला येते आणि कादंबरीची अवस्था चंद्रापीडाला सांगू लागते. त्या सांगण्यातच ग्रंथ तुटतो. बाण गेला.

पुढचं पान त्याच्या मुलाचं आहे. तो म्हणतो, वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या शब्दांबरोबरच कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख झालेलं पाहून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या गर्वानं नाही.

मी पुस्तक मिटलं. दोन दिवस पुढे गेले नाही. पाऊस लागलेला होता.

२७ जुलै

मुलाची भाषा वेगळी आहे, हे भाषांतरातही कळतं. वर्णनं आखूड, घटना भराभर. बापासारखं रेंगाळणं त्याला जमत नाही किंवा त्याला ते नको असावं.

सैन्याबरोबर मागे राहिलेला वैशंपायन अच्छोदाकाठी पोचतो आणि काहीतरी हरवल्यासारखा तिथेच घुटमळतो, परत यायला तयार होत नाही. चंद्रापीड त्याला शोधत जातो. महाश्वेता रडत सांगते, एक तरुण माझ्या मागे लागला, पोपटासारखं तेच तेच बोलत राहिला, म्हणून मी त्याला पोपट हो असा शाप दिला आणि तो कोसळला.

मी किंचाळलेच. वैशंपायन म्हणजेच पुंडरीक. ज्याची ती वाट बघत होती, त्यालाच शापून बसली! त्याचा आत्मा तिला ओळखत होता आणि तिला तो ओळखता आला नाही. तिनं काय चूक केली? काहीच नाही. अंगावर येणाऱ्या परक्या माणसाला तिनं अडवलं.

हे ऐकून चंद्रापीडाचं हृदय फुटतं. पत्रलेखा इंद्रायुधाला घेऊन सरोवरात उडी घेते आणि पाण्यातून बाहेर येतो कपिंजल. घोडा तोच होता. ज्या मित्राला वाचवायला तो आकाशात धावला, त्याच्याच सोबत्याला पाठीवरून वाहत होता.

२ ऑगस्ट

संपली. चंद्रानं आपल्या किरणांनी छळलं म्हणून मरता मरता पुंडरीकानं चंद्राला शाप दिला, चंद्रानं त्याला उलट दिला. चंद्रापीड आणि शूद्रक हे दोघेही चंद्रच. पोपट पुंडरीक. आणि ती काठी आपटणारी चांडालकन्या? लक्ष्मी, पुंडरीकाची आई. लोकांचा संपर्क टाळावा म्हणून हे रूप घेतलं, असं ती सांगते. माझी पहिल्या दिवशीची पेन्सिलीची खूण तशीच आहे. या उलगड्यानं ती पुसली जात नाही.

न कुजलेल्या चंद्रापीडाच्या देहाला कादंबरी मिठी मारते आणि तो डोळे उघडतो. तोपर्यंत रोज त्याची सेवा करत ती बसून होती. महाश्वेता बाजूला बसून होती. १२ जुलैचं माझं मत मागे घेते. फिकी नव्हे, तिची पाळी उशिरा आली.

आणि पत्रलेखा. शेवटी कादंबरीच विचारते, ती कुठे आहे? उत्तर: ती रोहिणी, चंद्राची बायको, त्याला एकट्याला जावं लागू नये म्हणून आधीच खाली उतरलेली. तिच्या दुःखाचा मात्र एकही उद्गार पुस्तकात नाही. तिची बाजू कोणीतरी लिहायला हवी.

रात्री कॅलेंडरवरचं चित्र पुरं करताना एक गोष्ट दिसली आणि मावशीला उठवलं. वैशंपायन म्हणजे पुंडरीक, म्हणजे लक्ष्मीचा मुलगा. तो वाढला कोणाच्या घरी? शुकनासाच्या. मनोरमेच्या मांडीवरचं ते पांढरं कमळ! पुंडरीक म्हणजेच पांढरं कमळ. जो मंत्री पानंच्या पानं लक्ष्मीला नावं ठेवतो, त्याच्या घरात तिचाच मुलगा लहानाचा मोठा होत होता. आणि ते स्वप्न बापानं लिहिलेल्या भागात आहे, म्हणजे शेवट मुलानं लिहिला तरी बेत बाणाचाच होता.

मावशी उठून बसली. "इतकी वर्षं शिकवला तो उपदेश," ती म्हणाली, "वर्गात तो एवढाच तुकडा असायचा. चष्मा दे माझा."

आम्ही २९ जूनचं पान पुन्हा काढलं.