तुम्ही विचारलेत म्हणून: दुसऱ्याचा कॅमेरा दिसला की मी का उठतो

पेनसिल्व्हेनियात माझ्याबरोबर हरणाच्या शिकारीला येणारे आपले मराठी मित्र दर हंगामात मला एकच प्रश्न विचारतात. जमीन सरकारी आहे, परवान्याचे पैसे तूही भरतोस, मग समोरून जनावर गेले की आपोआप छायाचित्र टिपणारा कोणाचा तरी कॅमेरा झाडाला बांधलेला दिसला की चांगली जागा सोडून तू पुढे का चालू लागतोस? आजवर मी हसून वेळ मारून नेली. मी शिकार करतोच का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर मी इथे देणार नाही.

आधी तुमची बाजू मान्य करतो, कारण ती बरीचशी माझीही आहे. कॅमेरा बांधला म्हणून डोंगर कोणाच्या नावावर होत नाही. जुलैत येऊन पंधरावीस कॅमेरे लावून जाणारे आणि घरबसल्या फोनवर छायाचित्रे पाहणारे लोक मलाही आवडत नाहीत. ॲरिझोना राज्याने तर 2022 पासून शिकारीच्या कामासाठी असे कॅमेरे वापरण्यावर बंदीच घातली, आणि नेवाडात सार्वजनिक जमिनीवर ते ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत लावता येत नाहीत. आमच्याकडे तशी बंदी नाही. तेव्हा कॅमेऱ्याशेजारी बसणे हा गुन्हा नव्हे, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

पण 2019 साली मी नुसता शेजारी बसलो नव्हतो.

त्या ऑक्टोबरमध्ये ओढ्यावरच्या उतारावर, एका हेमलॉकच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर पट्ट्याने आवळलेला एक जुना कॅमेरा मला दिसला. त्याला कुलूप नव्हते. मी झाकण उघडले, मेमरी कार्ड काढले, खिशातल्या कार्ड रीडरने फोनला जोडले आणि तिथेच पाचोळ्यावर बसून दुसऱ्याची चार आठवड्यांची मेहनत दहा मिनिटांत पाहून घेतली. डावा कान फाटलेला एक मोठा नर दर तीनचार दिवसांनी सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान हेमलॉकच्या दाटीतून खाली उतरत होता. शेवटच्या चार छायाचित्रांत मी होतो: आधी लांबून येणारा, मग जवळ आलेला, मग नुसते माझे पोट आणि जॅकेटची चेन. ती चार मी पुसून टाकली. कार्ड परत बसवले, झाकण लावले आणि कॅमेरा पुन्हा जागा होण्याआधी खोडाच्या मागून वाकून निघून आलो.

मी काही चोरले नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. कार्ड जागच्या जागी होते, आणि रानातले जनावर कोणा एकाचे नसते, असे इथला कायदाही म्हणतो. या युक्तिवादात आजही मला नेमकी चूक दाखवता येत नाही. फक्त एवढेच विचारावेसे वाटते, की चूक नव्हती तर छायाचित्रे कशासाठी पुसलीस?

त्या वर्षी रायफलचा हंगाम पहिल्यांदाच सोमवारऐवजी शनिवारी, 30 नोव्हेंबरला, सुरू झाला. मी पहाटे साडेपाचलाच त्या झाडापासून चाळीस पावलांवर जाऊन बसलो. सहाच्या सुमारास दोन बॅटऱ्या उतार चढून येताना दिसल्या. अंधारात आपली जागा कळवण्यासाठी उघडझाप करतात तशी मी माझी बॅटरी दोनदा चमकवली. त्या दोन्ही थबकल्या. मग एक बॅटरी, ठीक आहे असे सांगितल्यासारखी, खाली झुकली आणि दोघे आल्या वाटेने परत फिरले. जो आधी बसला त्याची जागा, हा इथला रिवाज त्यांनी एक अक्षर न बोलता पाळला, आणि तोही माझ्यासाठी.

साडेसातला नर आला. मी एकच गोळी झाडली.

आवाज ऐकून अर्ध्या तासाने ते दोघे आले. नारिंगी टोपी घातलेले सत्तरीचे एक आजोबा आणि त्यांचा तेराएक वर्षांचा नातू. हरीण जागचे हलवण्याआधी टॅग, म्हणजे शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी, भरून त्याच्या कानाला बांधावा लागतो. माझे पेन थंडीने उमटेना, तेव्हा आजोबांनी स्वतःचे काढून दिले. डावा कान फाटका म्हणून मी उजव्या कानाला टॅग बांधू लागलो, तेवढ्यात मुलगा म्हणाला, ‘आजोबा, हा तर आपलाच.’ आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझे अभिनंदन केले आणि रस्त्यापर्यंत हरीण ओढायला एक शिंग धरले. वाटेत दोनदा दम खायला थांबलो तेव्हा ते हवेविषयी बोलले. गाडीशी पोहोचल्यावर, पेन परत घेताना, त्याच सुरात म्हणाले, ‘माझा कॅमेरा जुना झालाय बहुतेक. छायाचित्रांना क्रमांक देताना मध्येच चार आकडे गाळतो.’

ते माझ्याकडे पाहून म्हणाले की नातवाकडे, हे मला आठवत नाही. अनेकदा आठवून पाहिले आहे. त्यांना कळले होते, असे मी काही वर्षे धरून चाललो. हल्ली वाटते की ते खरेच कॅमेऱ्याविषयी बोलत असतील. मी त्या वेळी ‘हो का’ एवढेच म्हणालो.

म्हणून मी उठतो. यात तत्त्व वगैरे आहे असे समजू नका. सगळेच असे उठले तर वीस कॅमेरेवाल्याला अख्खा डोंगर आयता मिळेल, हा तुमचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. मी स्वतः दोन कॅमेरे लावतो. गेल्या वर्षी त्यांतला एक कोणीतरी नेला, तेव्हा मनासारखे रागावतासुद्धा आले नाही.

त्या हेमलॉकवर पुढच्या हंगामात कॅमेरा नव्हता, त्यानंतरही कधी दिसला नाही. सालीवर पट्ट्याचा वळ तेवढा राहिला आहे. जागा अजूनही उत्तम आहे आणि सकाळचा वाराही तिथे सोयीचा असतो. तुम्हाला बसायचे असेल तर मी दाखवीन. मी मात्र खाली ओढ्यापाशी थांबेन.