महिन्याला किती मिळतं, हे विचारूच नका

तुम्ही विचारलंत म्हणून. समाजशास्त्र-अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार, कधी ग्रामसेवकसुद्धा विचारतात: घरोघरच्या सर्वेक्षणात लोक कमाई खरी सांगतात का? आणि सांगत नसतील, तर विषमतेच्या त्या सगळ्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा?

लोक थोडंफार लपवतात. रेशनकार्ड बदलेल, घरकुलाच्या यादीतून नाव जाईल ही धास्ती असते. पण आकडे बिघडतात ते मुख्यतः यामुळे नाही. 'महिन्याला किती मिळतं?' या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्यातल्या कोरडवाहू घराकडे तयार नसतंच. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यावर जातं, तूर त्यानंतर, कापूस वेचणी होईल तसा. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. महिन्याचा हिशोब असलाच तर बचत गटाच्या हप्त्याचा. मग दारात उभ्या माणसाला काहीतरी सांगायचं म्हणून 'पाच हजार धरा' येतं. तुमच्या डेटात पाच हजार आणि दहा हजारांवर ढीग लागले असतील, तर लोक खोटं बोलले असं समजू नका. प्रश्न चुकला.

उत्पन्न विचारायचं तर पिकापिकानं, जुलै ते जूनचं वर्ष धरून. आधी जमीन: स्वतःची किती, बटईनं (पिकाच्या वाट्यानं) किती, ठोक्यानं (ठरावीक रकमेनं) किती. सातबारा वडिलांच्या नावावर असतो आणि कसणारा मुलगा, म्हणून नावावर किती हे वेगळं, कसता किती हे वेगळं. मग किती क्विंटल निघालं, किती विकलं, काय भावानं, घरी किती ठेवलं. घरी ठेवलेली तूरही उत्पन्नात येते, शेतावरच्या भावानं. मग खर्च: बियाणं, खत, फवारणी, गुत्त्यानं (ठोक मजुरीनं) दिलेली काढणी, मळणी.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. समजा, तीन एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल, भाव ४,२००. एकूण १८ क्विंटलचे ७५,६०० रुपये. एकरी खर्च १५,००० धरला तर ४५,००० गेले, उरले ३०,६००. महिन्याला २,५५०. 'काही उरत नाही साहेब' हे उत्तर आकड्याच्या किती जवळ आहे बघा. आता याच शेतकऱ्यानं खत-बियाणं उधारीवर उचललेलं आणि माल त्याच व्यापाऱ्याला घातलेला. व्यापारी २०,००० कापून घेतो, हातात ५५,६०० ठेवतो. 'सोयाबीनचे किती आले?' असं विचारलं की तो हातात आलेले सांगतो, आणि बरोबरच सांगतो. तुम्ही त्यातून पुन्हा ४५,००० वजा करता. खत-बियाण्याचा पैसा दोनदा गेला, उत्पन्न उरलं १०,६००. एक तृतीयांश! म्हणून रक्कम विचारू नये. क्विंटल आणि भाव विचारावा, शक्य असेल तर आडतीची पट्टी (आडत्यानं दिलेली विक्रीची पावती) बघावी.

पाऊस उघडला नाही किंवा आलाच नाही, तर हा हिशोब उणे जातो. विश्लेषण करणारे बऱ्याचदा अशी घरं काढून टाकतात किंवा शून्य लिहितात, कारण उणे आकड्याचा लॉग (लॉगॅरिदम) निघत नाही. पण उणे उत्पन्नाचं घर म्हणजे सर्वांत गरीब घर नव्हे. तोटा व्हायलाही जमीन लागते. त्या घराचा घरखर्च बघितला तर ते शेतमजुराच्या घरापेक्षा बरं खात असतं.

म्हणूनच आपल्याकडे उत्पन्नाऐवजी घरखर्च विचारण्याची परंपरा आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात भाजी, तेल, अंडी-मांस मागच्या ७ दिवसांचं. धान्य, डाळ, इंधन ३० दिवसांचं. कपडे, शिक्षण, दवाखान्यात भरती ३६५ दिवसांचं विचारलं. तीन वेगळ्या प्रश्नावल्या, तीन फेऱ्या. एका बैठकीत सगळं विचारलं की शेवटच्या पानांवर 'नाही, नाही, नाही' भरलं जातं, हे कुठल्याही प्रगणकाला विचारा.

खर्चाचा आकडा स्थिर असतो, पण विषमता कमी दाखवतो. वरच्या माणसाची वाढलेली कमाई ताटात जात नाही. प्लॉटात, सोन्यात जाते. २०२३-२४ च्या खर्चावरून देशाच्या ग्रामीण भागाचा गिनी गुणांक (० म्हणजे सगळे सारखे, १ म्हणजे सगळं एकाकडे) ०.२३७, शहरी ०.२८४. उत्पन्न विचारणाऱ्या आयएचडीएसमध्ये (भारत मानव विकास सर्वेक्षणात) २०११-१२ ला हाच गुणांक ०.५ च्या वर आहे. २०२५ मध्ये 'भारत जगातल्या सर्वांत समान देशांत' अशा बातम्या आल्या, त्या खर्चाच्या गिनीवर होत्या. शेजारी ठेवलेल्या कित्येक देशांचे आकडे उत्पन्नाचे. एकाचं वजन किलोत आणि दुसऱ्याचं शेरात घेऊन कोण जड हे ठरवण्यासारखं ते आहे.

तयार डेटा वापरणाऱ्यांनी भारांक (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीनं मोजायचं तो आकडा) लावल्याशिवाय सरासरी काढू नये. २०२२-२३ ला गावात जमिनीनुसार आणि शहरात मोटारीनुसार गट पाडून घरं निवडली होती. मराठवाडा वेगळा काढायचा तर एनएसएसचा (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, वरचं खर्च सर्वेक्षण त्यांचंच) 'इनलँड सेंट्रल' हा विभाग घ्या. एकट्या हिंगोलीचा आकडा काढायचा मोह टाळा, नमुना पुरत नाही.

आता कुटुंब कुणाला म्हणायचं. रेशनकार्डावरून ठरवू नका. एका कार्डावर तीन चुली असतात आणि दोन कार्डांची एक चूल. एनएसएसची व्याख्या एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे अशी आहे. म्हातारी शेतातल्या आखाड्यावर वेगळं शिजवत असेल तर ती वेगळं कुटुंब, आणि मग तिचं घर अचानक गावातलं सर्वांत गरीब घर ठरतं. लातूरला वसतिगृहात राहून नीटचा क्लास करणारा मुलगाही व्याख्येनं वेगळा. पण त्याच्या फीसाठी विकलेलं अर्धा एकर रान याच घराचं असतं, ते मुद्दाम विचारलं नाही तर कुठंच येत नाही.

बीड, जालना, धाराशिवकडे काम करायचं तर दिवाळीनंतर जाऊ नका. ऊसतोडीची घरं कुलपात असतात. कुलूप दिसलं की प्रगणक शेजारचं घर घेतो, आणि शेजारी गावातच असतो कारण त्याला कारखान्याला जावं लागत नाही. असं वाडीभर झालं की कागदावर वाडी श्रीमंत होते. दसऱ्याआधी जावं, नाहीतर गुढीपाडव्यानंतर. तेही जमत नसेल तर कुलूपबंद घरांची संख्या अहवालात छापावी, बदली घर घेऊ नये.

या घरांत उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) उत्पन्नात लिहू नका. ती मुकादमाचं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं देणं आहे. उत्पन्न म्हणजे तोडलेले टन गुणिले दर. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, तिची ओळ वेगळी ठेवा. आणि पूर्ण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी (एकटा माणूस म्हणजे अर्धा), हिशोब एकच. व्यक्तिगत रकान्यात सगळी रक्कम नवऱ्याच्या नावावर पडते, बाईपुढे 'घरकाम' लिहिलं जातं. ती पहाटे फडात मोळ्या बांधत असते. म्हणून 'तुम्ही काम करता का?' असं बाईला विचारू नये. 'पूर्ण कोयता की अर्धा? मोळ्या कोण बांधतं? गाडी कोण भरतं?' असं विचारावं, आणि पूर्ण कोयत्याची रक्कम दोन ओळींत निम्मी-निम्मी टाकावी.