वाटप झालं, पुढे काय?

१७ ऑक्टोबर, रात्री

आज जागतिक गरिबी निर्मूलन दिन. यामागचा माणूस जोसेफ व्रेसिन्स्की. स्वतः हलाखीत वाढलेला हा पाद्री १९५६ मध्ये पॅरिसजवळच्या नॉयझी-ल-ग्राँच्या बेघर वस्तीत राहायला गेला. तिथलं सूपवाटप त्याने चक्क बंद केलं! वाचनालय आणि बालवाडी काढली. त्याच्याच पुढाकाराने १७ ऑक्टोबर १९८७ ला पॅरिसमध्ये गरिबीच्या बळींसाठी शिळा बसली. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हाच दिवस ठरवला. भुकेल्यापुढे वाचनालयाचं कौतुक करू नये, हे खरंच. पण वर्षानुवर्षं माणसाला रांगेतच उभं ठेवणं, याला दया तरी कसं म्हणायचं?

आमच्या संस्थेचंही आज मदतवाटप होतं. मी नोंदणीला. 'कमावतं कोण? कर्ज किती?' मागची माणसं ऐकताहेत आणि आम्ही खणखणीत आवाजात विचारतोय. एक बाई इतकं हळू बोलत होती की मला टेबलावर वाकावं लागलं. पुढे फोटो. तिने पिशवी तोंडासमोर धरली, तर फोटोवाला म्हणतो, "ताई, जरा हसा की!" देणगीदारांना फोटो लागतात म्हणे. खोक्यांचे पाठवा.

म्हणूनच मला बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेची २००२ मध्ये सुरू झालेली योजना पटते. अतिगरीब कुटुंबाला गाय-शेळी किंवा छोट्या धंद्याचं साधन, ते मार्गी लागेपर्यंत पोटापुरते पैसे, प्रशिक्षण, बचतीची सवय. आणि साधारण दोन वर्षं घरी येणारा कार्यकर्ता. तशाच योजनांची सहा देशांत तपासणी झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: मदत थांबून वर्ष उलटलं तरी या कुटुंबांची परिस्थिती मदत न मिळालेल्या तशाच कुटुंबांपेक्षा सरासरीने बरी होती. यात गायीचा वाटा किती आणि कार्यकर्त्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड. माझा कौल कार्यकर्त्याला. शेळी आजारी पडली तर ती का खात नाही हे बघायला ओळखीचं माणूस दारात येतं. घरातल्या पोरांची नावं त्याला पाठ असतात. पिशवी देऊन निघून जाणाऱ्याला हे कुठून माहीत असणार?

आमच्याकडे वाटपाच्या दिवशी स्वयंसेवकांची झुंबड असते. नंतर महिनाभर वस्तीत कुणी फिरकत नाही. उद्याच्या बैठकीत मी चार घरं माझ्याकडे मागून घेणार आहे, दर आठवड्याला जायला. त्यापायी वाटपातून माझं नाव कटलं तरी हरकत नाही.