कुणाच्याच मापाचं नाही

घरात शिलाई मशीन असलं की त्यावर हक्क सगळ्यांचा असतो, चालवणारी मात्र एकच. फाटलेला खिसा, उसवलेली चेन, शाळेच्या नाटकासाठी उद्या सकाळपर्यंत हवे असलेले फुलपाखराचे पंख. मुलं वाढत होती तेव्हा माझ्या हातून रग्गड शिवून झालं. प्रत्येक गोष्टीला कुणाचं तरी माप होतं आणि बहुतेक गोष्टींना घाई. म्हणून भिंतीवर लावायचा पहिला क्विल्ट करायला घेतला, तेव्हा घरातून आलेला प्रश्न अगदी रास्त होता: "हे कुणासाठी?"

उत्तर देता येईना. रचना म्हणाल तर गोधडीचीच. वर तुकड्यांचं जोडकाम, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि तिन्हींना धरून ठेवणारा टाका. फरक एवढाच की आर्ट क्विल्टला कुणाला ऊब द्यायची नसते. रोज धुवायचा नसल्यामुळे त्यात रेशीम चालतं, जाळी चालते, कडांचे धागे मुद्दाम सुटे सोडले तरी चालतात. ज्या हातांनी आयुष्यभर कडा दुमडल्या, त्यांना हे पचायला वेळ लागतो.

मुलं झोपली की निवांत सुचतं, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मुलं झोपल्यावर डोक्यात उरतं ते पट्ट्या कापण्यापुरतं, फार तर चुकलेली टीप उसवण्यापुरतं. सुचतं ते भर दिवसा, इकडून तिकडे जाता जाता. त्यासाठी भिंतीवर एक फ्लॅनेलचं कापड ताणून लावलं आहे. फ्लॅनेलच्या लवेला सुती तुकडा टाचणीशिवाय नुसता दाबला तरी चिकटून राहतो. वाळलेल्या कपड्यांचा ढीग काखेत घेऊन जाताना एक निळा तुकडा उचलायचा, दुसरीकडे लावायचा, पुढे जायचं. परत येताना डोळे बारीक करून बघायचं. डोळे किलकिले केले की रंग मागे सरतात आणि फक्त गडद-फिकं उरतं. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढणं. परवा एक लाल आणि एक हिरवा भिंतीवर नुसते कडाकडा भांडत होते. फोटोत दोघेही एकाच राखाडीत गायब! मग लाल काढून पिवळा आणला, तेव्हा कुठे त्या कोपऱ्यात उजेड पडला.

भिंतीचा खालचा हातभर पट्टा धाकट्याच्या ताब्यात आहे. तिथले तुकडे रोज जागा बदलतात. एकदा त्याने लावलेला तिरका जांभळा तुकडा मी तसाच ठेवला. उपकार म्हणून नव्हे, तिथे तो खरंच बरा दिसत होता.

एका तान्ह्या मुलाच्या पांघरुणाची गोष्ट या संदर्भात मला फार आवडते. सोनिया देलोने ही पॅरिसमधली चित्रकार. १९११ साली तिला मुलगा झाला, चार्ल्स. त्याच्यासाठी तिने कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवलं, लहानपणी शेतकऱ्यांच्या घरांत पाहिलं होतं त्या धर्तीवर. शिवून झाल्यावर त्यात तिला घनवादी, म्हणजे वस्तूंचे भौमितिक तुकडे करून मांडणाऱ्या, चित्रासारखं काहीतरी दिसलं आणि तीच रीत तिने आणि तिच्या नवऱ्याने चित्रांतही वापरून पाहिली. ते पांघरूण आज पॅरिसच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. कलेच्या इतिहासाला त्यातले रंग महत्त्वाचे वाटतात. मला आपलं वाटतं, मग त्या पोराच्या अंगावर काय घातलं?

पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने पलंगावरचे जुने क्विल्ट अमूर्त चित्रांसारखे भिंतींवर लावले. लोक थक्क झाले. शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मात्र कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून मी मागच्या अस्तरावर नाव आणि साल घातल्याशिवाय काम संपलं असं म्हणत नाही. आधी मला यात मिरवणं वाटायचं. आता नाही वाटत.

खरी मजा शेवटच्या शिवणीत आहे. एरवी मशीनचे दात कापड पुढे ढकलतात, आपण फक्त वाट दाखवायची. इथे ते दात खाली पाडून टाकायचे. मग कापड सर्वस्वी आपल्या हातात येतं. गोल फिरवा, मागे ओढा, सुईने चित्र काढा. हात पळाला तर टाके लांबट आणि विरळ पडतात, पायाने मशीन पळवलं आणि हात रेंगाळला तर ते एकाच जागी दाटतात. त्या वेळी मी गुणगुणते म्हणे. मला ऐकू येत नाही, घरच्यांना येतं, आणि तेवढा वेळ कुणी खिसे घेऊन येत नाही.

सध्याचा क्विल्ट पूर्ण झाला आहे. दांडी घालायला मागे वरच्या कडेला कापडी नळीही शिवून झाली. अडलंय ते जागेवर. तो मावेल अशी भिंत घरात एकच, आणि तिच्यावर टीव्ही. मतदान घेऊ या, असं मुलांचं म्हणणं आहे. मी टीव्हीची रुंदी मोजून ठेवली आहे; आतल्या खोलीत तो आरामात बसतो.