अक्षर रेघेला टांगायचं, रेघेवर बसवायचं नाही

आमच्या परभणीकडं सुट्टीत नणंदा-भावजया जमल्या की एक विषय ठरलेला, "याचं अक्षर बघा हो वहिनी, नुसतं गिचमिड करायलाय", आणि लेकरू तिथंच मान खाली घालून उभं. मग कुणीतरी सांगणारच, रोज दहा ओळी शुद्धलेखन काढून घ्या. काढा की, पण वळण चुकलेलं असेल तर दहा ओळींनी तेच पक्कं होतं, दुसरं काही होत नाही.

माझ्याकडं संध्याकाळी गल्लीतली चार-पाच लेकरं बसतात, त्यांच्या वह्या बघून माझं एक मत झालंय. आता बहुतेक पोरं सेमी नाहीतर इंग्लिश मिडियमची, हात आधी ए बी सी डी वर फिरलेला, तोही चार रेघी वहीत. इंग्रजीत अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठीत उलटं, दोरीवर कपडे वाळत घालतो तसं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. हे कुणी सांगतच नाही, मग पोरगं मराठी पण खाली टेकवूनच लिहितं, त्यामुळं कुणाचं डोकं वर कुणाचं खाली, त्यावरून शिरोरेघ ओढली की ती नागमोडी, आणि उकाराला खाली जागाच नाही म्हणून तो पुढच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आपण म्हणायचं पोरगं घाण लिहितंय.

मी काय करते, दुरेघी वही घेते आणि वरची रेघ लाल पेन्सिलनी गडद करून देते. डोकं लाल रेघेला लागलंच पाहिजे, पाय सध्या कुठं का जाईनात. मोडी लिहिणारे तर आधी कागदावर आडवी रेघच ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचे, म्हणजे ही युक्ती काही माझी नाही. (आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, उजवीकडून डावीकडं लिहायची सवय, तरी त्यांचं मराठी पत्र एका रेषेत असायचं.)

दुसरं म्हणजे अ आ इ ई पासून लिहायला सुरू करू नका. म्हणायला शिकवा, पाठ करा, पण लिहायला अ लई अवघड, केवढी वळणं त्यात. क ख ग घ हा क्रम आवाजाचा आहे, क घशाकडून निघतो आणि प फ ओठावर येतात, हाताचा त्याच्याशी संबंध नाही. हातासाठी जुने गुरुजी ग म भ न पासून सुरू करायचे ते बरोबरच होतं. सगळ्यांच्या शेवटी उभी रेघ. ती एक रेघ सरळ यायला लागली की त, प, व, ब, स किती अक्षरं सोपी होतात बघा. र ट ठ ड ढ द ह ळ ही बिनरेघेची मंडळी नंतर घ्यायची. घ आणि ध मात्र एकाच दिवशी कधीच शिकवू नका, भ आणि म पण नाही.

आणि चार वर्षाच्या लेकराच्या हातात पेन्सिल कोंबायची घाई कशाला? मनगटात 8 छोटी हाडं असतात, त्या वयात त्यातली काही अजून कूर्चाच असतात, पूर्ण तयार व्हायला पुढं बरीच वर्षं जातात. त्यापेक्षा तुरीच्या शेंगा सोलायला बसवा, कणकेचे गोळे करू द्या, मग दगडी पाटी. पाटीवर पेन्सिल जरा अडत चालते म्हणून हात ताब्यात राहतो, बॉलपेन नुसतं घसरतं. पेन्सिल पण तोकडी द्या, बोटाएवढी, मूठ करून धरताच येत नाही, आपोआप तीन बोटात येते.

मोबाईलवरच्या अक्षरांचं एक सांगायचं राहिलं. बऱ्याच ॲपमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श दिसतो, ळ तर कधी कधी नसतोच. आपल्याकडं 2009 च्या शासन निर्णयात पाकळीचा ल (दोन पाकळ्यांसारखा, शेवटी उभी रेघ नसलेला) आणि देठाचा श ठरवून दिलाय. पोरगं घरी एक बघतं, शाळेत दुसरं, आणि बाई लाल शेरा मारतात. गिरवायला पुस्तकातलंच अक्षर द्या.

डावखुऱ्यांचं तर आमच्याकडं अजून अवघड. आमच्या आत्याबाई लेकराच्या हातातून पेन्सिल काढून उजव्या हातात देतात, "डाव्या हातानं लिहायलंय म्हनं!" मी परत डाव्यात देते. वही थोडी उजवीकडं कलती ठेवायची आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला लावायची, म्हणजे आपण काय लिहितोय ते त्याला दिसतं आणि तळहाताला शिसं लागून पान काळं होत नाही.