आमच्या नळाचं पाणी आणि हायवे ७८

अण्णा सॅन डिएगोला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात नळाखाली तांब्या धरून उभे होते. "पाणी कुठलं गं हे?" त्यांनी विचारलं. सगळा जन्म कृष्णाकाठी, वाळवा तालुक्यात गेलेला माणूस कुठेही गेला की हा प्रश्न विचारतोच. इथे नऊ वर्षं राहूनही मला "कुठल्यातरी धरणाचं" एवढंच सांगता आलं. अण्णांनी तांब्या खाली ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही. मलाच ते लागून राहिलं.

त्या रात्री बसून वाचलं. सॅन डिएगो परगण्याचं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीचं आहे आणि त्यातला मोठा वाटा इम्पिरियल व्हॅलीतल्या शेतकऱ्यांच्या हक्काच्या पाण्यातून येतो. ही व्हॅली इथून पूर्वेला, डोंगरापलीकडे, वाळवंटात आहे. फेब्रुवारी महिना होता, ऊन सोसण्यासारखं होतं. शनिवारी पहाटे मी अण्णांना गाडीत घातलं.

तिकडे जायला इंटरस्टेट ८ आहे, दोन तासांत पोचवतो. आम्ही मुद्दाम स्टेट हायवे ७८ धरला. इथे राज्याच्या हायवेच्या पाट्या हिरव्या असतात, खोऱ्याच्या पात्याच्या आकाराच्या. सोन्याच्या शोधात आलेल्या खाणकामगारांची ती आठवण. हा रस्ता रमोना गावातून ज्युलियनला चढतो, चार हजार फुटांच्या वर, पाईनच्या झाडांत. तिथून उतार लागला की तासाभरात जगच बदलतं. झाडं खुरटी होत जातात, मग झुडपं, मग निवडुंग, मग नुसते दगड. दोन पदरी रस्ता, मधे पिवळ्या जोडरेघा, मोबाईलची रेंज गेलेली. 'डिप' अशी पाटी दिसली की वेग कमी करायचा, कारण तिथे रस्ता ओढ्याच्या पात्रातून खाली उतरून वर येतो. पूल नाही. डोंगरात पाऊस झाला तर क्षणात लोंढा येतो, अशा वेळी तिथे गाडी घालायची नाही. अण्णा खिडकीतून बघत होते. "इथं माणसं राहतात कशाला?" एवढंच म्हणाले.

पुढे ७८ हा हायवे ८६ ला मिळतो आणि डावीकडे लांब पाणी चकाकतं. तो सॉल्टन सी. या सरोवराची गोष्ट मी अण्णांना गाडी चालवतच सांगितली. इथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा दोनशे फुटांहून जास्त खाली गेलेली, म्हणजे कोरडी परातच. १९०१ मध्ये एका खासगी कंपनीने कोलोरॅडोचं पाणी कालव्याने इथे आणलं. कालव्याचं तोंड गाळाने भरलं म्हणून नदीला दुसरीकडे खिंड पाडली आणि तिथे मजबूत दरवाजे बसवलेच नाहीत. १९०५ मध्ये पूर आले, खिंड फाटली आणि जवळजवळ दोन वर्षं अख्खी कोलोरॅडो नदी समुद्राकडे जायची सोडून या परातीत पडत राहिली. शेवटी रेल्वे कंपनीने आगगाड्या भरभरून दगड आणून ओतले आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये ती खिंड बुजवली. अण्णांनी २००५ आणि २०१९ चे कृष्णेचे पूर पाहिलेत. ते एकदम सरसावून बसले. "दोन वर्षं?" त्यांनी दोनदा विचारलं.

वेस्टमोरलंडच्या अलीकडे हिरवं सुरू होतं, आणि ते हळूहळू सुरू होत नाही. एका चारीच्या या बाजूला पांढरट माती आणि त्या बाजूला लसूणघास, पार नजर पोचेल तिथवर. वर्षाला जेमतेम तीन इंच पाऊस पडणारा हा मुलूख. अण्णांनी "थांब" म्हटलं. मी गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर, रुंद कडेला घेतली. या रस्त्यावर गवताच्या गठ्ठ्यांचे ट्रक सुसाट येतात, अर्धवट थांबणं धोक्याचं.

शेत खासगी, आत पाऊल टाकायचं नाही हे मी अण्णांना आधीच बजावलं होतं. आम्ही कडेलाच उभे राहिलो, तरी सगळं दिसत होतं. सिमेंटची उथळ चारी, काठोकाठ भरलेली. तिच्या काठावर वाकवलेल्या नळ्यांची रांग. नळीचं एक टोक चारीत बुडालेलं, दुसरं सरीत. ना मोटार, ना वीज. नळी पाण्याने भरून तळहाताने तोंड दाबायचं, काठावरून पलीकडे टाकायची आणि हात काढायचा, की पाणी आपोआप वाहायला लागतं. प्रत्येक सरीला एक नळी. खालच्या तोंडातून पडणाऱ्या पाण्याचा बारीक खळखळाट तेवढा ऐकू येत होता. अण्णा वाकून एकेक सरी बघत होते. पाणी सगळ्या सऱ्यांत बरोबरीने पुढे सरकत होतं, कुठेही फुटलेलं नव्हतं. "रान काय सपाट केलंय," ते म्हणाले. इथे लेझर लावून जमीन समतल करतात. हे मला माहीत होतं, पण त्याला महत्त्व काय ते अण्णांच्या चेहऱ्यावरून कळलं.

तेवढ्यात एक पांढरा पिकअप ट्रक आला. उतरलेल्या माणसाने चारीच्या दाराचं चाक थोडं फिरवलं, पातळी बघितली, वहीत काहीतरी टिपलं आणि आम्हाला हात केला. मी जाऊन बोलले. तो इथल्या पाटबंधारे जिल्ह्याचा माणूस. त्याच्या हुद्द्याला इथे स्पॅनिश शब्द आहे, सान्हेरो. शेतकऱ्याने आदल्या दिवशी मागणी नोंदवायची, दुसऱ्या दिवशी सान्हेरो येऊन दार उघडणार, सहसा चोवीस तास पाणी. मी परत येऊन अण्णांना सांगितलं, तर त्यांनी मला मधेच तोडलं. "पाटकरी की हा!" आणि त्यांनी त्या माणसाला लांबूनच नमस्कार केला. त्यानेही टोपी काढली.

या इम्पिरियल व्हॅलीचा हक्क वर्षाला ३१ लाख एकर-फूट पाण्याचा आहे. एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी, साधारण सव्वाबारा लाख लिटर. कोलोरॅडोवर एवढा मोठा वाटा दुसऱ्या कुणाचा नाही. हे पाणी ऑल-अमेरिकन कॅनॉलमधून येतं. सुमारे ८० मैलांचा हा कालवा १९४० च्या सुमारास सुरू झाला. आधीचा कालवा मेक्सिकोच्या हद्दीतून यायचा, म्हणून याचं नाव असं. आणि जमीन परातीसारखी खोल असल्यामुळे इथवर पाणी उताराने, आपल्या वजनाने येतं. त्यावरच लसूणघासाच्या वर्षाला आठ-दहा कापण्या होतात. थंडीत अमेरिकेच्या ताटात जो लेट्यूस असतो, त्यातला बराचसा इथला आणि शेजारच्या ॲरिझोना राज्यातल्या युमाचा. पुढच्या शेतात त्याची काढणी चालली होती. वाकलेली पंचवीस-तीस माणसं, मागे हळूहळू सरकणारं यंत्र, शेताच्या कडेला बस आणि चाकांवरची शौचालयं. यातले कित्येक मजूर रोज पहाटे मेक्सिकाली शहरातून सीमा ओलांडून येतात. अण्णा बराच वेळ गप्प होते. ऊसतोडीची आठवण झाली असणार, मी विचारलं नाही.

वेस्टमोरलंड गाव म्हणजे दोन मिनिटांत संपणारी वस्ती, पण मला तिथे अण्णांना घेऊन जायचंच होतं. दलीप सिंग सौंद इथे शेती करायचे. १९२० मध्ये पंजाबातून आले, १९२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात गणितात डॉक्टरेट मिळवली. पण १९२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने भारतीय माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व बंद झालं होतं आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा माणसाला शेतजमिनीची मालकी नव्हती. गणिताचा हा डॉक्टर या वाळवंटात लेट्यूस पिकवत राहिला. १९४६ मध्ये कायदा बदलला. त्यासाठी त्यांनी स्वतः धडपड केली होती. १९४९ मध्ये ते नागरिक झाले, १९५२ मध्ये याच गावात न्यायाधीश म्हणून निवडून आले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकेच्या संसदेत. तिथे मतदानाचा हक्क असलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य. मी ज्या व्हिसावर, ज्या सहजतेने इथे घर घेतलं, त्यामागे या धुळीत राबलेली अशी माणसं आहेत, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी रस्त्याकडेची चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "भारी रान हाय. पण खार आहे यात."

त्यांचं बरोबर होतं. कोलोरॅडोचं पाणी वाटेतले क्षार घेऊन येतं. पाणी पीक पितं, क्षार मातीत राहतात. आमच्याकडची दोन एकर क्षारपड होऊन पडलीत. उसाला पाणी पाजून पाजून जमीन पांढरी फुटली, हे अण्णांच्या आयुष्यातलं मोठं दुःख आहे. इथे लोकांनी शेताखाली भोकांच्या नळ्या गाडल्यात. जास्तीचं पाणी देऊन क्षार खाली धुवायचे, ते नळ्यांतून निचऱ्याच्या चरात आणि तिथून सॉल्टन सीमध्ये. शेत वाचतं. पण त्या सरोवराला बाहेर वाटच नाही, त्यामुळे ते आता महासागराहून जास्त खारट झालंय, मासे जवळजवळ संपलेत.

आणि इथे आमच्या नळाचा संबंध येतो. २००३ च्या करारानुसार ही व्हॅली वर्षाला दोन लाख एकर-फुटांपर्यंत पाणी सॅन डिएगोला देते. ते शेतातून उचलून आणत नाहीत. शेतकऱ्याने पाणी वाचवायचं: चाऱ्यांना अस्तर, शेताच्या शेवटी वाहून जाणारं पाणी पंपाने परत वर, ठिबक, सुरुवातीची काही वर्षं तर जमीनच पडीक. वाचलेलं पाणी नदीतच राहतं आणि आमच्यासाठी वरच्या अंगाला, लेक हवासू या धरणाच्या सरोवरापाशी उपसलं जातं. इथल्या शेतकऱ्याला पाण्याचा दर कित्येक वर्षं एकर-फुटाला २० डॉलर होता, आम्ही त्याच्या कित्येक पट मोजतो. पैसे मिळतात, मग तक्रार कसली, असं मलाही वाटलं असतं. पण शेतात पाणी वाचलं की निचरा कमी होतो, निचरा कमी झाला की सरोवर आटतं आणि उघड्या पडलेल्या तळाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर गावांत येते. या परगण्यातल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण मोठं आहे. पुढच्या ब्रॉली गावच्या पेट्रोल पंपावर एका शाळकरी मुलीच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात, जिथे पाण्याची बाटली असते तिथे, निळा इन्हेलर पाहिला. तिला दमा नेमका कशाने झाला ते मला ठाऊक नाही. पण मी माझ्या अंगणातलं लॉन त्यानंतर महिन्याभरात काढून टाकलं.

ब्रॉलीला टाकी भरून घ्या, पुढे पंप फार लांब आहे. गाव सोडलं की जनावरांच्या मोठ्या गोठ्यांचा वास येतो, गवताच्या दुमजली गंज्या लागतात, आणि मग ईस्ट हायलाइन कॅनॉलचा पूल. पूल ओलांडला की हिरवं संपलं. मागे गाजर, कांदा, गवत, समोर थेट आल्गोडोनेसच्या वाळूच्या टेकड्या, आणि मधे कालव्याची एक रेघ. आम्ही ऑस्बोर्न ओव्हरलुक या उंचावरच्या पॉइंटला चढून तिथूनच माघारी फिरलो, कारण अंधारात त्या दोन पदरी रस्त्यावर परतायचं नव्हतं. परतताना ८६ वर सीमा पोलिसांचं नाकं लागतं. भारतातून पाहुणे आले असतील तर पासपोर्ट जवळ ठेवा. आम्हाला एका मिनिटात सोडलं.

घरी आल्यावर हातपाय न धुताच अण्णांनी गावाकडे काकांना फोन लावला. तिकडे सकाळ होती, काका गोठ्यात असणार. विमान, समुद्र, माझं घर, काहीच आलं नाही बोलण्यात. "आरं, हितं बी पाटकरी असतोय," अण्णा सांगत होते, "आणि ऐक, चारीतनं पाणी काढायला नळी वाकवून घ्यायची. बांध फोडायचा न्हाई. उद्या गडी आला की त्याला म्हणावं, दोन इंची पाईप आणून ठेव."